आकडा कुठे दडून बसलाय ते आधी बघा

दहावीचा निकाल लागला की आमच्या ग्रंथालयात एक प्रश्न हमखास येतो. पुस्तक बदलायला आलेली एखादी आई काउंटरपाशी रेंगाळते, मागे रांगेत कुणी नाही ना ते बघते आणि आवाज खाली आणून म्हणते, "मॅडम, गणित नसलेलं काहीतरी सुचवा ना आमच्या पोराला."

मलाच का विचारतात, तर वरच्या मजल्यावर अभ्यासिका आहे आणि त्यामुळे जगातली प्रत्येक परीक्षा मला ठाऊक असते असा गावाचा समज आहे. शिवाय माझं स्वतःचं गणित किती कच्चं आहे हे निम्म्या तालुक्याला माहीत आहे. दंडाचे सुटे पैसे मी परत दिले की जुने सभासद ते स्वतः मोजतात आणि जास्तीचे माझ्याकडे सरकवतात. कधी काही बोलत नाहीत, देव त्यांचं भलं करो.

माझं उत्तर मात्र त्या आयांना आवडत नाही. गणित नसलेलं काम नसतं. रिक्षावाल्याला मीटर आहे, कीर्तनकाराला बिदागी आहे. शोधायचं असतं ते वेगळंच: त्या कामात आकडा नेमका कुठे येतो, किती घाईत येतो, कुणाच्या डोळ्यांदेखत येतो आणि चुकला तर तो पकडायला दुसरं कुणी आहे की नाही. एवढं पाहून घेतलं तर माझ्यासारखीलाही पोटापाण्याचं काम सापडतं. न बघता, केवळ 'यात गणित नाही' असं कुणीतरी म्हणालं म्हणून धरलेली नोकरी पुढे फार छळते.

माझ्या बाबतीत काय होतं ते सांगते, म्हणजे कशाबद्दल बोलतेय ते कळेल. सात आणि आठ किती, हे मला आजही बोटांवर करावं लागतं. टेबलावर चार चिंचोके पडले असतील तर बहुतेकांना ते न मोजता चार दिसतात म्हणे. मला मोजावे लागतात. काट्यांच्या घड्याळाकडे मी जरा जास्त वेळ बघत बसते. फोन नंबर कुणी 'सत्तावन्न, एकोणऐंशी' असा जोड्यांनी सांगितला की माझा हात आधी ऐकू आलेला सात लिहून मोकळा होतो आणि ५७ चे ७५ होतात. बोलताना एकक आधी आणि लिहिताना दशक आधी, आणि एकोणऐंशीत तर ऐंशीतून एक वजा करत बसायचं. २०१९ मध्ये बालभारतीने दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'वीस एक, वीस दोन' असं संख्यावाचन आणलं तेव्हा राज्यभर त्याची टर उडवली गेली, विधानसभेपर्यंत विषय गेला. आमच्या वाचनकट्ट्यावर मी एकटी त्या पुस्तकाच्या बाजूने होते. भाषा बुडाली म्हणणाऱ्यांपैकी एकालाही ५७ आणि ७५ मधे कधी अडखळायला झालं नव्हतं.

या प्रकाराला डिस्कॅल्क्युलिया म्हणतात. शंभरातल्या साधारण ३ ते ७ जणांना तो असतो असं अभ्यासक धरतात. बुद्धी कमी असण्याशी त्याचा संबंध नाही, आळसाशी तर नाहीच. पण गणितात नापास होणारं प्रत्येक पोर त्यातलं नसतं. कुणाचा चौथी-पाचवीत अपूर्णांक शिकवायच्या वेळी पायाच कच्चा राहिलेला असतो. चांगला शिक्षक भेटला तर तो सोळाव्या वर्षीही भरून निघतो. कुणाला नुसती धास्ती असते, पेपर हातात आला की घाम फुटतो, घरी तेच गणित सुटतं. तिसऱ्या प्रकारातले आम्ही. आम्हाला क्लास लावून फारसं काही होत नाही, साधनं लागतात. आधी आपलं पोर यातलं कुठलं ते पाहावं, कारण पहिल्या दोघांना गणितापासून लांब पळवणं म्हणजे उगाच दारं बंद करून घेणं.

तपासणी सरकारने नेमून दिलेल्या रुग्णालयांतून होते. मुंबईत सायनच्या लोकमान्य टिळक रुग्णालयातलं केंद्र त्यासाठी जुनं आणि नावाजलेलं. आमच्या वेळी यातलं काही नव्हतं, पाढे चुकले की बाकावर उभं राहायचं, विषय संपला. महाराष्ट्राने १९९६ पासून अध्ययन अक्षमता (डिस्कॅल्क्युलिया त्यातलाच एक प्रकार) असलेल्या मुलांना दहावीला सवलती द्यायला सुरुवात केली: जादा वेळ, आणि बीजगणित-भूमितीच्या जागी सातवीच्या पातळीचं गणित व कार्यानुभवाचा एक विषय. सीबीएसईत २०२० च्या दहावीपासून बेसिक आणि स्टँडर्ड असे गणिताचे दोन पेपर झाले. आणि दिव्यांग हक्कांच्या २०१६ च्या कायद्यात जी २१ अपंगत्वं मोजली आहेत त्यात अध्ययन अक्षमता आहे, तिच्या व्याख्येत डिस्कॅल्क्युलिया नावानिशी आहे. प्रमाणपत्रावर ४० टक्के किंवा जास्त आलं तर सरकारी नोकरीतल्या ४ टक्के आरक्षणातला १ टक्का ज्या गटांना मिळून आहे, त्यात ही मुलं बसतात. लेखी परीक्षेत दर तासाला २० मिनिटं जादा मिळतात ती वेगळी.

हे सांगितलं की पालकांचा चेहरा पडतो. 'अपंग' असा शिक्का बसेल, उद्या लग्न जमवताना निघेल. माझं मत स्पष्ट आहे: कागद काढून ठेवा, वापरायचा की नाही ते पोरगं पुढे ठरवेल. मात्र दहावीला बीजगणित-भूमिती सोडायच्या आधी पुढचे कोणते अभ्यासक्रम हातचे जातील ते शाळेतून लिहून घ्या. तोंडी सांगितलेलं चालत नाही.

आता नोकऱ्यांकडे येते. अभ्यासिकेतली मुलं बघून बघून मी मनाशी दोन खाती केली आहेत: दारातलं गणित आणि घरातलं गणित. काही ठिकाणी आकड्यांचा राक्षस फक्त दारात बसलेला असतो, आत गेलात की भेटतही नाही. पोलीस भरती घ्या. लेखी पेपरात अंकगणित आहे, काळ-काम-वेग आहे, नफा-तोटा आहे. शिपाई झाल्यावर बंदोबस्ताला उभं राहताना कुणी दोन नळ टाकी किती वेळात भरतात विचारत नाही. अशा दारासाठी कळ काढावी, जादा वेळ मिळत असेल तर घ्यावा, शंभरातले गणिताचे काही गुण सोडून बाकीच्या विषयांत ते भरून काढावेत. उलट तलाठ्याच्या जागेसाठी जिवाचं रान करणारी मुलं मी पाहते. तिथे दारातही गणित आणि आतही: हेक्टर, आर, सातबाऱ्यावरचे हिस्से, शेतसारा. चार भावांच्या वाटण्या चुकलात तर बांधावर कुऱ्हाडी निघतात. अशा जागेसाठी दोन-तीन वर्षं घालवणाऱ्या आमच्यासारख्या मुलाला मी सरळ सांगते, बाबा, नको.

शिक्षकाच्या नोकरीतही हाच फरक कुणी सांगत नाही. पहिली ते पाचवीला शिकवायचं तर टीईटीच्या, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षेच्या, पहिल्या पेपरात १५० पैकी ३० गुण गणिताचे, आणि नोकरी लागल्यावर रोज फळ्यावर गणित. सहावी ते आठवीच्या दुसऱ्या पेपरात सामाजिक शास्त्र निवडता येतं. इतिहासाचा किंवा मराठीचा शिक्षक व्हायला गणित आड येत नाही, पण त्यासाठी डीएड नव्हे, बीएडचा रस्ता धरायला हवा. हे बारावीच्या आधी कळलं तर कामाचं.

वकिलीबद्दल लोकांना उगाच धास्ती असते. पदवीनंतरच्या तीन वर्षांच्या एलएलबीच्या सीईटीत गणिताचा विभाग नाही. बारावीनंतरच्या क्लॅट या प्रवेश परीक्षेत मात्र आहे. आत गेल्यावर आकडे भरपूर, पण ते कलमांचे. कलमाचा आकडा हे एक नाव असतं, त्याची बेरीज-वजाबाकी कुणी करत नाही. (१ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली, ३०२ चं १०३ झालं, ४२० चं ३१८. तेव्हा काही महिने तालुक्याचे सगळे वकील माझ्यासारखेच अडखळत होते. मला फार बरं वाटलं.)

माझं स्वतःचं कामही असंच. ग्रंथालय म्हणजे आकड्यांचं जंगल, असं बाहेरून वाटतं. प्रत्येक पुस्तकाच्या पाठीवर आकडे असतात. मेल्विल ड्यूईने १८७६ मध्ये काढलेल्या दशांश पद्धतीत मराठी साहित्याचा वर्गांक ८९१.४६, त्यात कविता ८९१.४६१, नाटक ८९१.४६२, कथा-कादंबरी ८९१.४६३. पहिल्या दिवशी ते कपाट बघून माझ्या पोटात गोळा आला होता. पण यातला एकही आकडा कशाचं माप नाही. तो पुस्तकाचा पत्ता आहे. डावीकडून एकेक अंक ताडून बघायचा आणि पुस्तक त्या जागी सरकवायचं. त्यात मोजायचं काही नाही, आणि घाईही नाही. आपल्याकडच्या ग्रंथालयशास्त्राचे जनक एस. आर. रंगनाथन मूळचे गणिताचे प्राध्यापक, १९२४ मध्ये मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले. त्यांनी उभारलेल्या घरात माझ्यासारखी शिरली हे त्यांना कळलं असतं तर काय म्हणाले असते कोण जाणे.

जिथे खरोखर मोजावं लागतं तिथे मी पळवाटा केल्या आहेत. परतीची तारीख मी काढत नाही. सकाळी आल्या आल्या सहकारी तारखेचा शिक्का परतीच्याच तारखेवर फिरवून ठेवतो, दिवसभर मी तोच मारते. दंडाचा तक्ता खणाच्या आतल्या बाजूला चिकटवला आहे: इतके दिवस, इतके रुपये. साठा पडताळणीच्या वेळी दाखल क्रमांक (पुस्तकाचा नोंदवहीतला नंबर) एकाने वाचायचा आणि दुसऱ्याने नोंदवहीत खूण करायची असते. मी वाचते. लिहायला मी बसत नाही, आणि वाचतानाही 'पाच-सात' असं सुटं वाचते. अनुदानाचे हिशेब तोच सहकारी करतो, त्याच्या वाट्याची सगळी पत्रं आणि कार्यवृत्तं मी लिहिते. त्याला चार ओळींचा अर्ज लिहायला अर्धा दिवस लागतो. दोघांचंही बरं चाललंय.

तरी ग्रंथालयशास्त्र कर असं मी डोळे मिटून कुणाला सांगत नाही. सार्वजनिक ग्रंथालयातला पगार अनुदानावर लोंबकळतो आणि त्यावर एकट्याचं घर चालत नाही; माझं चालतं ते नवऱ्याच्या नोकरीमुळे. कॉलेजात ग्रंथपाल व्हायचं तर पगार चांगला, पण नेट किंवा सेट ही पात्रता परीक्षा लागते, आणि तिच्या पहिल्या पेपरात गणिती तर्क आणि माहितीचं विश्लेषण हे दोन घटक आहेतच. पन्नासातले साधारण दहा प्रश्न. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, तेव्हा ते दहा देवावर सोडून बाकीचे चाळीस पक्के करणारे लोक मला माहीत आहेत.

आता ज्या कामांना लोक 'बिनगणिताची' म्हणतात त्यांच्याकडे. शिवणकाम पहिलं. पोरगी गणितात नापास झाली की मशीन घेऊन द्यायचं, ही आपल्याकडची जुनी रीत. कधी ब्लाउज बेतायला बसून बघा. छाती भागिले चार, अधिक शिलाईचा हक्क. मुंढा वेगळा, गळ्याची खोली वेगळी, टक्स किती इंचांवर, आणि सगळं अर्ध्या-पाव इंचाच्या हिशेबात. कापड कात्रीखाली गेलं की चूक परत घेता येत नाही, आणि पैठणीचं कापड गिऱ्हाइकाचं असतं.

पण माझी मावसबहीण हेच काम गेली कितीतरी वर्षं करते, आणि तिला भागाकार येत नाही. ती छत्तीसला चाराने भागतच नाही. टेप छत्तीसवर धरते, दुमडते, परत दुमडते, घडी जिथे येते तिथे खडूची रेघ. आकडा वाचायचीही गरज नाही. नेहमीच्या मापांचे पुठ्ठ्याचे फर्मे भिंतीवर खिळ्याला टांगलेले आहेत, प्रत्येकाला वेगळ्या रंगाची नाडी. आणि गिऱ्हाइकाकडून ती अंगात नीट बसणारा जुना ब्लाउज मागून घेतेच, टेपवर तिचा भरवसा कमी. थोडक्यात, तिने सगळं माप हातात आणलं आहे. शिवणकाम आमच्या लोकांना जमतं, पण ते असं शिकवणारं कुणीतरी हवं. भागाकारापासून सुरुवात करणाऱ्या क्लासमध्ये तिच्यासारखी पोरगी आठवड्यात घरी बसते.

नर्सिंगबद्दल मात्र मी हात जोडते. सेवाभाव आहे, मुलगी मायाळू आहे, म्हणून तिकडे पाठवतात. कुणी सांगत नाही की ५०० मिलीचं सलाईन ४ तासांत द्यायचं, सलाईनच्या नळीतून मिलीला १५ थेंब पडतात, तर मिनिटाला किती, हे रात्री तीनला, बाजूला नातेवाईक ओरडत असताना काढायचं असतं. (३१. मी कॅल्क्युलेटरवर केलं, मग सहकाऱ्याकडून तपासून घेतलं.) औषधाची बाटली ५०० मिलिग्रॅमची, बाळाला द्यायचे २५०, किंवा १२५. आकडा, घाई, माणसाचा जीव, आणि मागून तपासणारं दरवेळी असेलच असं नाही. मोठ्या रुग्णालयात सलाईनचा वेग सांभाळणारे पंप असतात, दोघींनी डोस ताडून बघायची पद्धत असते. गावच्या दहा खाटांच्या दवाखान्यात ते गृहीत धरू नये. मायाळू मुलीला वृद्धांच्या देखभालीचं काम आहे, बालवाडी आहे. अंगणवाडीत वजन-उंची घ्यावी लागते, पण तिथे आकडा वजनकाट्यावरून बघून पोषण ट्रॅकर ॲपमध्ये टाकायचा, मूल कुठल्या श्रेणीत ते ॲप सांगतं.

दुसरा सापळा मानसशास्त्राचा. कला शाखा घेतली म्हणजे गणितापासून सुटका, असं समजून मुली हौसेने मानसशास्त्र घेतात आणि पुढे संख्याशास्त्र समोर उभं राहतं. मध्य, मध्यक, प्रमाण विचलन. आयटीआयचंही तेच: इंजिनिअरिंग गटातल्या ट्रेडना वर्कशॉप कॅल्क्युलेशन नावाचा विषय असतो, हे फिटरला अर्ज भरणाऱ्या किती जणांना माहीत असतं?

आणि सगळ्यात वाईट सल्ला म्हणजे "शिकत नाही ना, दुकान टाकून द्या त्याला." अरे, दुकान म्हणजे सकाळपासून रात्रीपर्यंत गिऱ्हाइकासमोर केलेला तोंडी हिशेब! उधारी, मोड, घाऊक दर, जीएसटी. यूपीआयमुळे सुट्ट्यांचा त्रास गेला हे खरं, पण एक शून्य कमी टाकून गेलेलं गिऱ्हाईक शोधायचं कुठे? स्टँडसमोर वडापावची एक गाडी आहे, तिथला भाऊ कढई सोडत नाही आणि गल्ल्याला हात लावत नाही. गल्ला वहिनींकडे. एकदा त्या माहेरी गेल्या होत्या तर गाडी बंद. असं माणूस घरात असेल तर खुशाल टाका दुकान.

अभ्यासिकेतल्या एका मुलीबद्दल सांगून थांबते. दोन वर्षं ती बँकेच्या परीक्षा देत होती, कारण मामा बँकेत. तिला माझ्यापेक्षा बरं मोजता येतं, पण घड्याळ लावलं की सगळं सांडतं. बँकेत दारातही आकडे आणि आतही, हे तिला माझ्याआधीच कळलं होतं, मामांना सांगायचं धाडस होत नव्हतं. एकदा आमच्याकडच्या व्याख्यानाचं टिपण तिने काढून दिलं. वक्त्याचं वाक्य न् वाक्य होतं, तेही वहीवर हाताने. तेव्हा मी लघुलेखनाचा, म्हणजे शॉर्टहँडचा, विषय काढला. तिला वाटत होतं ते कधीच बंद झालं. अजून लघुटंकलेखकाला मिनिटाला ८० शब्द, निम्नश्रेणी लघुलेखकाला १००, उच्चश्रेणीला १२० असा वेग मागतात, सोबत टंकलेखनाचं प्रमाणपत्र. मंत्रालयात, न्यायालयांत, जिल्हा परिषदांत ही पदं आहेत, आणि बाकीच्या जागांच्या मानाने हा वेग असणारे उमेदवार कमी येतात. इथे सगळी मदार कानावर आणि हातावर. तारीख, रक्कम ऐकली की ती लगेच अंकांत उतरवावी लागते हे खरं, तेवढं ती सावकाश सरावाने बसवतेय.

तिचं ८० झालं, १०० ची तयारी चालू आहे. मामा अजून बोलत नाहीत. सरळसेवेच्या लेखी परीक्षेत बौद्धिक चाचणी असते, ते दार आहेच. म्हणून संध्याकाळी ग्रंथालय बंद करायच्या आधी आम्ही दोघी जुने पेपर घेऊन बसतो आणि कुठल्या प्रकारची गणितं बघायचीसुद्धा नाहीत याची यादी करतो. नळ आणि टाकी सगळ्यात वर आहे, त्याखाली आगगाड्या.